टिटवी, आजी आणि योगताई

दि. ४ जून

चि. सौ. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

मी ठीक आहे. खोकला आहे तसाच आहे, त्यामुळे मला वॉर्डात घेणार नाहीत हे पुन्हा पुन्हा लिहू नकोस. कळलं मला. मी फोनवर रडते आणि मग टिटवी रडते म्हणून डॉक्टरांनी फोनही बंद केला. पत्रात रडलेलं निदान ऐकू तरी येत नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या पत्रात तू अख्खं पान त्या योगताईंवर खर्ची घातलंस. टिटवी सकाळपासून त्यांची वाट बघते काय, सलाईनच्या हाताने त्यांना टाळी देते काय! अगं, मी जन्मभर शाळेत कवायत आणि योगासनं शिकवली. माझी शिट्टी वाजली की सगळं मैदान एका दमात वाकायचं. आणि माझीच नात माझ्यासमोर बसली की पाच मिनिटांत तिला तहान लागायची, मग शू लागायची, मग झोप यायची. एक सर्वांगासन तेवढं हौसेने करायची. आणि त्या काल आलेल्या बाईंसमोर ती शहाण्यासारखी तासभर?

बरं, आसन कोणतं, तर गादीवर पडून श्वास घ्यायचा. पडून श्वास म्हशीसुद्धा घेतात. याला योग म्हणायचं असेल तर तुझे सासरे मोठे योगीच होते म्हणायचे.

आठ वर्षांची पोर, रक्ताचा कॅन्सर, केमोने डोकं तुळतुळीत झालेलं. तिला हसवणारं कुणी भेटलं याचा मला आनंदच व्हायला हवा. होतोही. पण पोटात दुखतं ते काही थांबत नाही. माझं नाव निघतं का गं तिच्या तोंडून? खरं लिही, माझं मन राखायला लिहू नकोस.

तुम्हा दोघींवर लोभ आहेच. तिकडचा लोभ त्या बाईंना वाटून उरला असेल तर थोडा इकडेही येऊ दे.

तुझी सासू

दि. ९ जून

ती. आईंना, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खालच्या मजल्यावर न्हाणीघराच्या रांगेत उभी राहून वाचलं. म्हशींपाशी मला इतकं हसू फुटलं की पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी हसले, आई.

आता योगताईंची बाजू ऐका. वॉर्डाच्या टोकाला एक खोली आहे, तिथे सहा मुलं आपापला सलाईनचा स्टँड ढकलत जातात. योगताई गाद्या औषधाने पुसून ठेवतात. मग मुलांनी उताणं पडायचं, पोटावर औषधाच्या खोक्याची होडी ठेवायची आणि श्वासावर ती हळूहळू वर-खाली न्यायची. होडी पडली की तो बुडाला. एवढाच खेळ. पडूनच का, तर यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स फार कमी झाल्या आहेत. डोकं छातीच्या खाली जाता कामा नये, कुठून रक्त आलं तर लवकर थांबत नाही. म्हणून उलटी आसनं सक्त मना आहेत.

आणि उपयोग म्हणाल, तर पाठीच्या मणक्यात सुई घालताना टिटवीला धरायला तीन जणं लागायची. परवा ती भुंग्यासारखी गुणगुणत कुशीवर पडून राहिली, कुणी धरलं नाही. मी दाराशी उभी राहून रडले.

तुमचं नाव निघतं. परवाच तिने योगताईंना सांगितलं की माझी आजी तुमच्यापेक्षा खूप कडक आहे. यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते मात्र मला ठरवता आलं नाही.

एक चांगली बातमी. खोकला थांबला असेल तर मास्क लावून रविवारी तासभर यायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. नक्की या. तुम्ही तिच्यापाशी बसलात की मी निवांत डोक्यावरून न्हाईन.

आशीर्वाद असू द्यावा, आणि योगताईंवरचा राग घरीच ठेवून यावं.

आपली सून

दि. १७ जून

ती. आईंना नमस्कार. साष्टांग लिहायला आज हात उचलत नाही.

रविवारी मी न्हाऊन वर आले तर उशी लाल झालेली आणि तुम्ही टिटवीच्या नाकाला टॉवेल लावून उभ्या. तिने आपल्याच मनाने पाय वर केले, असं तुम्ही सांगितलंत. तीही तेच म्हणाली. मी विश्वास ठेवला. तिला प्लेटलेट्स चढवल्या, केमो पुढे ढकलली. मोठ्या डॉक्टरांना वाटलं की हे असले प्रकार योगाच्या तासातच शिकवतात. त्यांनी योगताईंना सगळ्यांसमोर झापलं आणि तास बंद केला.

आज टिटवीने मला खरं सांगितलं. तुमच्या योगताईंना सर्वांगासन येतं का, असं तुम्ही तिला विचारलंत. मग करून दाखव म्हणालात आणि स्वतः तिच्या कमरेला हात दिलात. आजीला पुन्हा येऊ देणार नाहीत म्हणून तिने नाव घेतलं नाही. आई, ती तुमच्यासाठी खोटं बोलली आणि तुम्ही तिला बोलू दिलंत. तुम्हाला माहीत नव्हतं म्हणावं, तर मीच तुम्हाला सगळं लिहून कळवलं होतं!

हेवा तुम्हालाच वाटतो असं समजू नका. सुई दिसली की माझी पोर माझा हात सोडून त्यांचा धरते. मला ते खुपतं. त्या दोन दिवस रजेवर गेल्या तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं होतं, लाज वाटते सांगायला. पण मी तो हेवा मुकाट्याने गिळते, कारण हात कुणाचा का असेना, पोर शांत राहते.

आता सहाही मुलं खोलीच्या बंद दाराकडे बघत बसतात. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

सून

दि. २१ जून

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद. घेशील की नाही ठाऊक नाही, तरी देते.

तुझ्या पत्रातला शब्द न् शब्द खरा. ती एकदा मला म्हणाली असती ना, की आजी, तुझंच भारी, तर तेवढ्यावर माझी भूक भागली असती. त्या एका वाक्यासाठी मी पोरीचा जीव टांगणीला लावला. मग घाबरले आणि तोंड शिवून बसले. दुसरं काही कारण नाही.

काल तुला न कळवता रुग्णालयात आले. वर आले नाही. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला असं फैलावर घेतलं की माझ्या शाळेतली पोरं पोट धरून हसली असती. तास सोमवारपासून सुरू होईल. उपचार संपेपर्यंत मला मात्र वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. बरोबरच आहे.

बाहेर योगताई भेटल्या. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. इतकं चांगलं असायची काय गरज आहे, याचाही मला राग आला. माझा स्वभाव काही एका दिवसात जाणार नाही.

घर खायला उठतं. म्हणून परवापासून शेजारची फुगी रोज येते, तिला शिकवते. टिटवीची निळी सतरंजी तिला अंथरून देते. आणि हो, पडूनच शिकवते, पोटावर होडी ठेवून. हस आता. फुगी गुणी आहे, शिकवलं ते लगेच उचलते. टिटवीला सांग, आजी आता योगताईंसारखंच शिकवते म्हणावं.

माया पातळ झाली असेल तर सावकाश दाट होऊ दे. मी थांबते.

तुझी सासू

दि. २६ जून

ती. आजीला टिटवीचा सा. न. वि. वि.

असं लिहायचं असतं हे आईने सांगितलं. बाकीचं माझं मी लिहिते आहे. डाव्या हाताला सुई आहे, उजवा मोकळा आहे.

मी तुझ्यावर खूप रागावले आहे. रक्त आलं म्हणून नाही, ते मी विसरून गेले. फुगीमुळे रागावले आहे. ती निळी सतरंजी माझी आहे. तू तिला का दिलीस? आणि ती गुणी कशी? ती शाळेत माझी खोडरबरं चावते.

योगताई म्हणाल्या, श्वास घे, राग जाईल. मी घेतला. गेला नाही. होडी सारखी पडत होती. शेवटी त्या म्हणाल्या, आजीला पत्र लिही.

आई मला म्हणते, तू पण योगताईंकडे जातेसच की. पण ते वेगळं आहे. मी इथे कायमची राहणार नाही. मी घरी येणार आहे. मी आले आणि माझ्या जागेवर फुगी असली तर मी काय करायचं?

सतरंजी धुऊन ठेव. फुगीला दुसरी दे, नाहीतर जमिनीवर झोपव. तिला सर्वांगासन शिकवू नकोस, ते फक्त माझं आणि तुझं आहे. डॉक्टर हो म्हणाले की मी करीन. तोपर्यंत तू पण करू नकोस.

लोभ सगळा मलाच पाहिजे. फुगीला अजिबात देऊ नकोस.

तुझी एकुलती एक नात,
टिटवी