मेट्रनबाईंचा रुमाल आणि आमच्या व्हॅनचा काळा रंग

ती. दादास,

ज्या माणसाला कुठलीही गोष्ट शेपटाकडून सांगायची सवय आहे, त्याने धाकट्या बहिणीला फोनवर रंगकाम शिकवू नये. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मी कशावरून तापले आहे ते तुला शोधत बसायला नको. "शेवटचा हात पातळ दे, चमक नको," इथून तू सुरू झालास. मग त्याच्या आधीचा हात, मग त्याच्याही आधीचा, आणि मग तुमच्या बस बांधायच्या कारखान्यातले जुने साहेब, ते नुसतं बोट फिरवून रंग कसा ओळखायचे ते. तिथे मी फोन ठेवला. मला वाटलं, कामाचं संपलं, आता गप्पा सुरू झाल्या. त्या साहेबांच्या पाठीमागे धुण्याचं प्रकरण दडून बसलंय हे मला कसं कळणार? धुणं आधी असतं, दादा. भांडी असोत, कपडे असोत, पोरं असोत, आधी धुणं. तू ते सगळ्यात शेवटी ठेवलंस आणि त्यापायी माझी व्हॅन, माझं काम आणि ह्यांची एकुलती एक चांगली पँट, तिन्ही जायची वेळ आली.

असो. पाया पडते (बसल्या जागेवरूनच समजून घे, कंबर वाकत नाही, का ते पुढे कळेल). तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, आणि लिहायची पद्धत म्हणून लिहीत नाही, आज खरंच ठीक आहोत. चार दिवस आधी लिहिलं असतं तर धडधडीत खोटं लिहावं लागलं असतं.

फोनवर तुला सगळं सांगता आलंच नाही (मध्ये श्वास घेतोस कधी तू?), म्हणून आता सरळ सुरुवातीपासून सांगते. ह्यांची नजर अधू झाल्यापासून व्हॅन मी चालवते. सिस्टर लोकांना घरून उचलायचं, इस्पितळाच्या दारात सोडायचं आणि रात्रपाळीवाल्यांना परत घरी आणायचं, एवढ्यावर आमची चूल पेटते. दुसरं काही नाही. व्हॅनचं इंजिन अजून खणखणीत आहे, पण आतलं प्लॅस्टिक उन्हाने पार पिठूळ झालेलं. दाराच्या पट्ट्या, हात टेकायच्या जागा, समोरचा डॅशबोर्ड, सगळं काळ्याचं राखाडी, आणि ती राख हात लावला की हाताला. सीटच्या रेक्झिनचे पापुद्रे निघायचे. त्यात आमचे हे. त्यांना गाडीची माया फार, आणि चालवता येत नाही म्हणून जास्तच. दर रविवारी डोक्याला लावायचं तेल फडक्यावर घेऊन सगळं प्लॅस्टिक चोळून काढायचे. सोमवारी गाडी काळीभोर दिसायची आणि मंगळवारी त्या तेलात राख कालवून असं काजळ तयार व्हायचं की विचारू नकोस.

आता सिस्टरांचे कपडे कसे, तर पांढरेशुभ्र. एकीच्या कोपराला काळा पट्टा, दुसरीच्या पाठीला. लांब वेणीवाली सिस्टर म्हणायची, मावशी, तुमच्या गाडीतून उतरले की पेशंटच मला विचारतो, तुम्हाला कुठे लागलं म्हणून. मी हसले. सगळ्या सिस्टरांवरच्या मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. मला बोलावून घेतलं, खुर्ची दाखवली नाही, आणि म्हणाल्या, गुरुवार-शुक्रवार गाडी बंद ठेवा आणि काय ते करा, शनिवारी मी स्वतः बघणार. डाग लागला तर सोमवारपासून दुसरी गाडी. दुसरी गाडी म्हणजे आमच्या नाक्यावरच्या टायरवाल्याच्या मेहुण्याची, नवीकोरी, आत गार हवा. हेच दोन दिवस सिस्टरांना न्यायला त्यालाच सांगितलेलं. तो म्हणे प्रत्येकीला पाण्याची बाटली देत होता. मी आजवर कुणाला पाणी विचारलेलं नाही. बसा, दार जोरात ओढा, एवढंच माझं आदरातिथ्य.

बुधवारी तुला फोन केला, तुझं ऐकलं (जेवढं ऐकलं तेवढं), आणि गुरुवारी सकाळी प्लॅस्टिकच्या काळ्या रंगाचे फवाऱ्याचे डबे आणि रेक्झिनचा वेगळा रंग आणून भिडले. पातळ हात दे म्हणाला होतास. पातळ हाताने काही दिसेना, म्हणून जाड दिला. काय सुरेख दिसत होतं, दादा. ह्यांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, नवीच वाटते. म्हणजे ह्यांच्या नजरेला, पण तरी मला बरं वाटलं.

थोड्याच वेळात रंग सरकायला लागला. तेलकट तव्यावर पाणी टाकल्यावर कसे थेंब इकडून तिकडे पळतात, तसा. डॅशबोर्डला देवी आल्यासारखे खड्डे पडले. दाराच्या पट्टीवरून ओघळ खाली उतरले आणि मध्येच थांबले, त्यांनाही वाटलं असेल की कुठे चाललो आपण. मी स्टिअरिंग धरून बघितलं तर अर्धं स्टिअरिंग माझ्या तळहातावर आलं. हे सगळं चाललेलं असताना आमचे हे मागून चढून मधल्या सीटवर ऐटीत बसले, कारण रंग वाळला का ते मला विचारायचं त्यांना सुचलं नाही. उठले तेव्हा पँटच्या मागे सीटची शिवण उमटली होती, टाक्यासकट.

मी दारातच पायरीवर बसले. रडले नाही, पण रडायला काय काय लागतं ते सगळं जमा झालं होतं. टायरवाल्याचा मेहुणा, त्याच्या बाटल्या, व्हॅन विकून टाकू म्हणणारे शेजारी, सगळे डोळ्यांपुढून गेले. मग तुला फोन लावला, चार शब्द सुनावायला. तू झोपला होतास (माझं घर बुडत असताना तू झोपतोस). फोन वहिनीने घेतला. मी जे काही बोलले ते तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, ते नेहमी शेवटाकडूनच सांगतात. लग्न झाल्यापासून मी सगळं ऐकून घेते आणि उलटं करते."

दादा, ती बाई कधी कारखान्यात गेली नाही, पण तुझी बडबड ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालंय, आणि वर ते तिने सरळ करून ठेवलंय. आधी सगळा रंग ओढून काढा, खाली तेल आहे म्हणून सालीसारखा निघेल (निघाला). थिनर लावू नका, प्लॅस्टिक विरघळेल. भांड्याचा साबण, गरम पाणी आणि ब्रश घेऊन घासा, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत घासा. रेक्झिनच्या घड्या उलगडून घासा. मग फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसा. वाळू द्या. बारीक पॉलिशपेपर नुसता फिरवा, खरवडू नका. मग प्लॅस्टिकला धरणारा प्रायमर, आणि मग रंगाचे पातळ हात, दोन हातांच्या मध्ये थांबून. हे सांगायला तिला किती वेळ लागला असेल? चहा उकळेपर्यंत झालं. मला सगळं कळलं. खोकला होता तरी कळलं.

मग जे घासलं आहे! माझी कंबर तिथेच गेली. ह्यांनीही घासलं, पण ज्या डॅशबोर्डला वर्षानुवर्षं तेल पाजलं तोच साबणाने घासायचा म्हणजे ह्यांचा जीव तुटत होता. चेहरा असा की आजाऱ्याचं अंग पुसतायत. पाणी मात्र काळं येत राहिलं, येत राहिलं, आणि मग एकदाचं स्वच्छ आलं. तेव्हा मी पहिल्यांदा धड श्वास घेतला.

शुक्रवारी प्रायमर आणि रंग. घासणं मला जमलं, थांबणं जमेना. एक हात दिला की बोट लावून बघायची इच्छा होते, बोट लावलं की ठसा उमटतो, ठसा दिसला की त्यावर जाड हात द्यावासा वाटतो. दोनदा असं झाल्यावर, इतक्या वर्षांच्या संसारात मला कशालाही नाही न म्हणालेला माणूस उठला, माझ्या हातातला डबा काढून घेतला, मांडीवर ठेवून बसला आणि म्हणाला, "आता याला हात लावायचा नाही." दोन हातांच्या मध्ये आम्ही दोघं पायरीवर नुसते बसून होतो. असं काही न करता आम्ही शेवटचे कधी बसलो होतो, आठवत नाही.

शनिवारी मेट्रनबाई आल्या. पर्समधून पांढरा रुमाल काढला, पुढच्या दाराच्या पट्टीवर घासला, बघितला. डॅशबोर्डवर घासला, बघितला. मग पुढच्या सीटवर चढून बसल्या, पाठ टेकली, पाठ डावी-उजवी घासली (एवढी मोठी बाई, म्हैस झाडाला अंग घासते तशी, पण हे कुणाला सांगू नकोस), खाली उतरून माझ्याकडे पाठ केली आणि विचारलं, काही आहे का? काही नव्हतं. दादा, एक रेघ नव्हती. रंगाचा वास येतोय, खिडक्या उघड्या ठेवा, म्हणाल्या, आणि गेल्या. सोमवारी सगळ्या सिस्टर माझ्याच गाडीत. लांब वेणीवालीने पाण्याची बाटली मागितली तेव्हा मी तिला दार जोरात ओढायला सांगितलं.

रात्री आता झोप लागते. ह्यांना तेलाच्या बाटलीपासून लांब ठेवलं आहे. वहिनीला माझे खूप खूप आभार सांग. तुझेही मानले असते, पण अजून थोडा राग शिल्लक आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. मेट्रनबाईंनी मागची दोन्ही बाकं बघितली, हे वर लिहायचं राहिलं. ती घासून झाली आहेत, पण रंगवायची आहेत. रंग संपला होता, मी त्यावर चादर घातली होती, आणि त्यांनी चादर उचलली. महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. पुढचं चांगलं झालंय म्हणून दिली, असं त्याच म्हणाल्या.

ता. क. दुसरा. आमच्या रंगवाल्याकडे तो रेक्झिनचा काळा आता नाही. तुझ्या कारखान्यातल्या ओळखीवर चार डबे मिळव आणि वहिनीबरोबर पाठव. तू येऊ नकोस, तुझा गुडघा दुखतो. वहिनी आठ-दहा दिवस राहील, तिला हवाबदल होईल, खोकल्याला बरं. तुझ्या जेवणाचं तुझं तू बघ.

ता. क. तिसरा. पुढच्या बुधवारच्या आत उत्तर पाहिजे, आणि ते वहिनीच्या अक्षरात पाहिजे, म्हणजे तू तिला विचारलंस हे मला कळेल.