कोरगाव ते मुरगाव: एका नोटिशीचा पाठपुरावा

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण क्रूझ. बारा तारखेला, शुक्रवारी, मुरगाव बंदरातून निघायचं. चार रात्री समुद्रात, मध्ये एक दिवस कोची, सोळाला परत. आमची गौरवी पुण्याला असते. आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने बुकिंग केलं. माणसं तीन. मी, सुलोचना आणि सुलोचनाची थोरली बहीण शांता, नार्व्याची. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मेहुणी कशाला, असं विचारणार होतो. विचारलं नाही. संयम.

परवा डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि म्हणाले, राग आवरा. मला राग येत नाही. मी फक्त चूक दाखवतो. तरी संकल्प: क्रूझ संपेपर्यंत चूकसुद्धा हळू आवाजात दाखवायची.

कंपनी पाच तारखेपर्यंत बोर्डिंग नोटीस पाठवणार. किती वाजता यायचं, कुठल्या गेटने, कोणते कागद. ती आली की बॅगा भरायच्या. त्याआधी नाही. पद्धत म्हणजे पद्धत.

५ डिसेंबर, शुक्रवार. सायं. ६.००
नोटीस नाही.

६.२०
नाही.

६.४५
मेसेज आला. 'तुमची बोर्डिंग नोटीस तयार होत आहे.' तयार होत आहे म्हणजे काय? ती काय फणसाची भाजी आहे?

७.३०
हेल्पलाइनला फोन. बावीस मिनिटं संगीत. मग सेजल नावाची मुलगी. तिला हळू आवाजात सांगितलं की मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत, शेवटची बारा हेड क्लार्क, आणि माझ्या हातून एक नोटीस एक दिवस उशिरा गेलेली नाही. सेजल म्हणाली, सर, प्लीज ओरडू नका. सुलोचना आतून म्हणाली की शेजारच्या काशिनाथला तुमच्याच ऑफिसातून जमिनीच्या सुनावणीची नोटीस सुनावणी होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मिळाली होती. ती गोष्ट वेगळी. तेव्हा शिपाई रजेवर होता.

६ डिसेंबर, शनिवार
दुसरा मेसेज. 'थोडा उशीर होतोय.' पुढे एक पिवळा हसरा चेहरा. सरकारी कागदावर मी कधी साधं उद्गारचिन्ह घातलं नाही. हे हसतात!

ईमेल केला. चार पानं. विषय: अक्षम्य दिरंगाईबाबत. प्रती एकूण पंधरा जणांना. एका मिनिटात उत्तर. धाक म्हणतात तो हा. उघडून वाचलं. 'आभारी आहोत. या पत्त्यावर आलेले मेल कोणी वाचत नाही.'

सुलोचनाने बॅग काढली आहे. नोटीस आल्याशिवाय भरायची नाही, असं बजावलं. ती म्हणाली, लुगड्यांना नोटीस लागत नाही. चार भरली. एक नवीन, मोरपंखी. कधी घेतलं, विचारलं. दोन वर्षांपूर्वी म्हणाली. मग नेसली का नाहीस? म्हणाली, कुठे नेसणार?

८ डिसेंबर, सोमवार
संघटना हवी. एकट्याने ओरडून, म्हणजे हळू बोलून, उपयोग नाही. कंपनीने प्रवाशांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप केला आहे, त्यातून गोव्यातले तेवीस जण निवडून वेगळा ग्रुप काढला. नाव: पीडित प्रवासी संघ. ॲडमिन मी. सकाळी दहा वाजता लढ्याची रूपरेषा टाकली, सतरा मुद्दे. प्रतिक्रिया: सहा गुड मॉर्निंग, दोन गुलाबाची फुलं. अनुसया नावाच्या कोणा बाईंनी विचारलं, जहाजावर शाकाहारी वेगळं शिजवतात ना. डिचोलीच्या रुद्रेशने विचारलं, काका, स्वेटर घ्यायचा काय? त्याचं नुकतंच लग्न झालंय, त्याला माफ. बाकीच्यांना जागृती कमी.

९ डिसेंबर, मंगळवार
कोरगावहून म्हापशाला कंपनीच्या एजंटाकडे गेलो. बसने. फाईल बरोबर. तिथे एक बाई होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, नोटीस ॲपवर येणार, तुमचं ॲपवरचं चेक-इन पुरं नाही. फोटो राहिलाय. बाईंनी माझाच मोबाईल माझ्यासमोर धरला. ॲप म्हणालं, 'चेहरा नैसर्गिक ठेवा.' ठेवला. पुन्हा तेच. पाच वेळा. मी बाईंना सांगितलं की हाच माझा नैसर्गिक चेहरा, एकतीस वर्षं ओळखपत्रावर हाच चालला. बाई म्हणाल्या, जरा हसून बघा. मी कशाबद्दल हसू? नोटिशीला उशीर कंपनीचा, आणि हसायचं मी?

सहाव्या वेळी घेतला. तेव्हा मी शिंकत होतो.

नोटीस मात्र फोटो घेऊनही नाही. कोणालाच आली नाही, म्हणाल्या बाई. जहाजच मागच्या बंदरात अडकलंय. मग फोटोसाठी माझा अर्धा तास का खाल्ला? हे त्यांना विचारलं. हळू. बाहेरच्या दुकानातली माणसं आत डोकावली.

१० डिसेंबर, बुधवार
शांता आली. दोन बॅगा, सप्तकोटेश्वराचा प्रसाद आणि डब्यात गोडशें, गुळाची खीर. नोटिशीचं सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, गोकुळदासबाब, आमची नार्व्याची फेरीबोट तरी कुठे कळवून येते? धक्क्यावर उभं राहायचं, ती येते. मी फेरीबोट आणि क्रूझ यांतला फरक सांगितला. अर्धा तास. ती मध्येच सुलोचनाला म्हणाली, लहानपणी आपण पलीकडे जाऊन तशाच परत यायचो, उतरायचंच नाही, आठवतं? दोघी हसत बसल्या. माझा मुद्दा अर्धवट राहिला.

संध्याकाळी ग्रुपवर ठराव मांडला: कंपनीने लेखी माफी दिल्याशिवाय एकही प्रवासी जहाजावर चढणार नाही. एकोणीस अंगठे. ठराव संमत. अशी एकजूट आमच्या पेडणे तालुक्यात मी कधी पाहिली नव्हती.

जेवताना घरात सांगितलं. सुलोचनाने वाढणं थांबवलं. म्हणाली, महाबळेश्वरला निघालो तेव्हा तुम्ही कंडक्टरशी भांडलात, बसस्टँडवरून परत आलो. कोल्हापूरला माझ्या भावाचं लग्न, तुम्ही पत्रिकेत नाव चुकलं म्हणून गेला नाहीत, मलाही पाठवलं नाहीत. गौरवीचा पदवीदान समारंभ, थिवी स्टेशनवर टीसीशी वाद, गाडी गेली. ह्या खेपेक मी जाणार म्हणजे जाणार.

एवढ्या जुन्या फाईली तिने तोंडपाठ ठेवल्या आहेत हे माहीत नव्हतं. तिन्ही प्रकरणांत चूक समोरच्याची होती. हे सांगितलं. तिने शांताला आणखी भात वाढला.

११ डिसेंबर, गुरुवार
तिसरा मेसेज. 'बोर्डिंग नोटीस उद्या बंदरावरच हातात दिली जाईल. सकाळी अकरापर्यंत यावे.' मोपा विमानतळाची विमानं दिवसभर आमच्या डोक्यावरून जातात. त्यातल्या एकाला तरी असं कोणी सांगतं का, की या, बघू, मग उडू? सेजलला फोन लावला. सेजल रजेवर.

उद्या निर्णायक दिवस. इस्त्रीचा शर्ट, फाईल, दोन पेनं.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ७.३०
निघालो. संतोषची टॅक्सी. सुलोचनाने मोरपंखी नेसलंय.

१०.१०
बंदर. मांडवाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सहाशे माणसं, पंखे चार. जहाज समोर उभं आहे. पांढरं, सात-आठ मजली. दोघी बहिणी बघत उभ्या राहिल्या, बसायचं सुचेना. शांता म्हणाली, ह्याच्यात अख्खं नार्वे मावेल.

१.४०
नोटीस नाही. पाव-भाजी वाटली. मी निषेध म्हणून घेतली नाही. मग शांताने आग्रह केला म्हणून दोन पाव.

२.३०
खुर्चीवर उभा राहून संघाला संबोधित केलं. टाळ्या. मागे कोणी शिट्टीही वाजवली. रुद्रेशने व्हिडिओ काढला. लोक पेटले आहेत.

३.५०
कर्णा वाजला. नोटीसबिटीस काही नाही, नुसतं म्हणाले, चला, बोर्डिंग सुरू, गेट पाचला बंद. आणि संघ उठला. एकोणीसच्या एकोणीस. अनुसयाबाई सर्वांत पुढे, त्या वयात, धावत. रुद्रेश येऊन पाया पडला, काका चला म्हणाला, बायकोचा हात धरून गेला. मी ठराव वाचून दाखवत होतो. ऐकायला एक सफाईवाला.

६.१५. बंदराबाहेरच्या बाकावर
नीट लिहून ठेवलं पाहिजे. पुढे लागेल.

सुलोचना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चला, म्हणाली. मी म्हटलं, कंपनीचे साहेब येतायत, पाच मिनिटं, लेखी माफी मिळाली की निघू. ती पुन्हा म्हणाली, चला. हळू. एवढ्या हळू मला कधी बोलता आलेलं नाही, हे मान्य. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. मग तिने बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून माझ्या गोळ्यांचा डबा काढला, माझ्या हातात ठेवला. सकाळची निळी, रात्रीची पांढरी, म्हणाली. शांताचा हात धरला आणि गेली.

गेटपाशी ती वळली. मी हात वर केला. ती आधारकार्ड दाखवायला वळली होती.

मग साहेब आले. साहेब म्हणजे देवेश, सव्वीस-सत्तावीसचा. अंगावर कोट, घामाने भिजलेला. दोन दिवस झोपलो नाही सर, म्हणाला. ते माझ्या फाईलमध्ये बसत नव्हतं. लेखी द्या, म्हटलं. त्याने ताबडतोब लिहून दिलं! वाद नाही, काही नाही. 'नोटिशीला उशिर झाला, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' मी म्हटलं, दिलगिरी नको, क्षमा हवी. त्याने पुन्हा लिहिलं. तारीख नव्हती. ती घातली. हुद्दा नव्हता. तो घातला. 'उशिर'मधला 'शि' ऱ्हस्व होता, तो दीर्घ करून घेतला. सही इंग्रजीत होती, मराठीत घेतली. शिक्का हवा म्हटलं. शिक्का आत होता. तो धावत गेला, धावत आला. माझं काम झालं.

पाच वाजून सात मिनिटं.

देवेशने गेटवरच्या माणसाला हात जोडले. माझ्यासाठी. दोनदा. त्या माणसाने शिडीकडे बोट दाखवलं. ती वर घेत होते.

पस्तीस वर्षांत एवढी निर्दोष लेखी माफी माझ्या हाती आलेली नाही. संतोष टॅक्सी घेऊन केव्हाच गेला. बस बघतो.

१३ डिसेंबर, शनिवार
नैतिक विजय. माफीपत्राचा फोटो संघाच्या ग्रुपवर टाकला. वरखाली सगळे जेवणाचे फोटो. अनुसयाबाईंनी लिहिलं, शाकाहारी वेगळं शिजवतात. रुद्रेशचा एक अंगठा आला. तो माझ्यासाठी की अनुसयाबाईंसाठी, कळलं नाही.

पोदेर सकाळी पाव घेऊन आला, म्हणाला, तुम्ही बोटीवर ना? खिडकी बंद केली. काशिनाथ दोनदा फाटकाशी येऊन गेला. लाइट लावली नाही. लोकांना तत्त्वाची बाजू समजावून सांगायची तर पार्श्वभूमी द्यावी लागते. सोमवारपासून सांगू.

गौरवीचा फोन. सगळं सांगितलं. बाबा, म्हणाली. फोन ठेवला.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.००
जहाज कोचीला लागलं. व्हिडिओ कॉल आला. मी शर्ट घालून, माफीपत्र हातात घेऊन बसलो. सुलोचनाच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. कोणाचा, विचारलं. रुद्रेशच्या बायकोचा. वारा खूप होता. मी वाचायला लागलो. तिला ऐकू येईना. पहिली ओळ तीनदा वाचली. मग कोणी तरी हाक मारली, तिने फोन कुठे तरी ठेवला. मला नुसतं आकाश दिसत होतं आणि दोघी बहिणींचं हसणं ऐकू येत होतं. मी हॅलो म्हणालो नाही.

मग तिचा चेहरा पुन्हा आला. गोळ्या घेतल्या काय, विचारलं. हो म्हटलं. मी मंगळवारी बंदरावर न्यायला येतो म्हटलं, अकराला, नाही तर दहालाच. ती म्हणाली, येऊ नका. रुद्रेशची गाडी आहे, तो डिचोलीला जाणार, वाटेत आम्हांला नार्व्याला सोडेल. शांताकडे राहीन थोडे दिवस.

किती दिवस?

बघते, म्हणाली.

१.१५
भात लावला. एका माणसाला किती तांदूळ लागतात ते माहीत नव्हतं. तिघांचा झाला.