भुताची भाकरी

मंगळवार, १२ दै, फसली १३३० (इंग्रजी नोव्हेंबर १९२०)

गेलो आणि धडधाकट परत आलो! गहिनीनाथाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हा गहिनीनाथ म्हणजे पाटलांचा चुलतभाऊ, चावडीवरचा कायमचा रहिवासी. परवा सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, शाळंत पोरांना सांगता का भूत नसतंय. मंग त्या कारखान्यात जाऊन दाखवा की." कापसाचा हा जिनिंग कारखाना वडगावच्या वेशीबाहेर दोन वर्षांपूर्वीच्या मानमोडी तापाच्या साथीपासून बंद पडलाय. मालक मुंबईला गेला तो गेलाच. तेव्हापासून आत एक बाई फिरते म्हणे. तिची बाधा होऊ नये म्हणून रोज दिवे लागायच्या आत एकेका घरानं फाटकाशी भाकरीचं पान ठेवायचं. घरांच्या पाळ्या लागलेल्या आहेत. अमावास्येला उतारा टाकतात हे ठाऊक होतं, पण रोज दोन घास जेवणारं भूत आमच्याच गावच्या नशिबी!

तर आज गेलो. चावडीची मंडळी फाटकापर्यंत आली आणि तिथंच त्यांना पान खायची तलफ आली. मी एकटाच आत. खरं लिहितो, पहिल्या दालनात दोनदा मागं वळून फाटकाकडं पाहिलं. दोन्ही बाजूंना कापसातून सरकी काढायची जिनं ओळीनं उभी. वरचे चामड्याचे पट्टे उंदरांनी कुरतडून लोंबकळतायत. आढ्याला जुन्या कापसाचा भुगा चिकटलेला, त्यात पारव्यांची घरटी. एका कोपऱ्यात छपराचा पत्रा उडालाय, तिथं सांडलेली सरकी उगवून कापसाची दोन झाडं कमरेएवढी झालीत. त्यांना बोंडंसुद्धा! मला ते फार आवडलं. पुढं इंजिनाचं चाक, माझ्या दुप्पट उंच. हात लावला तर गार.

भूत कुठंच नाही. बाहेर आलो तर फाटकाशी आजचं पान ठेवलेलं. मी खाली बसलो आणि सगळ्यांसमोर भुताची भाकरी खाल्ली. दुधात कुस्करलेली होती. म्हटलं, भुताचे दात पडलेले दिसतात! मंडळी पोट धरून हसली. ओढ्याकडून येणाऱ्या बाया मात्र हसल्या नाहीत. बायकांच्या डोक्यातली भीती जायला वेळ लागणारच.

बुधवार, १३ दै

पाटलांनी दवंडी दिली. भूत नाही, तर पान बंद! यंदा पाऊस नाही, जोंधळा सोन्याच्या भावानं, आणि आम्ही भुतं पोसायची कशाला? दोन वर्षं शाळेत घसा फोडून जे झालं नाही ते एका भाकरीनं केलं.

छबू, म्हणजे आमचं कुटुंब, कालपासून नीट बोलत नाही. ताट आपटून ठेवते. "कावून खाल्ली ती भाकर?" एवढंच विचारलं. बाधा होईल म्हणून घाबरली असेल बिचारी.

शुक्रवार, १५ दै

आमच्या निजामी शाळेला रविवारऐवजी जुम्म्याची सुट्टी. पुन्हा कारखान्यात गेलो, या वेळी कुणाला न सांगता. चटक लागल्यासारखं झालंय. बॉयलरच्या मागं काय आहे ते बघायचं राहून गेलं होतं.

ते आज बघितलं. न बघतो तर बरं झालं असतं.

बॉयलरच्या मागं रखवालदाराची खोली आहे. दार नुसतं लोटलेलं. आत तीन दगडांची चूल, चुलीवर गाडगं, गाडग्यात सरकी उकडत होती. सरकी हा म्हशीचा खुराक. चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. मी ओरडलोच. ती ओरडली नाही. म्हणाली, "या मास्तर. त्या दिशी बी आलते न्हवं?"

ही रतनबाई. म्हाळू धनगराची बायको. रोगानं मेंढरं गेली तेव्हा म्हाळूनं या कारखान्याची राखण धरली होती. मानमोडीत तो गेला, दिरांनी घर बळकावलं. बाई मांजरसुंब्याला भावाकडं गेली असं सगळं गाव समजून आहे. भाऊ तर त्याआधीच वारलेला. नवऱ्यानं राखायला घेतलेल्या जागी ती तेव्हापासून राहतेय. दिवसा बाहेर पडत नाही.

मी उंबऱ्यावर बसलो. तीच बोलली. "म्या कवाडाच्या फटीतून बगत व्हते. तुमी भाकर खाल्ली. म्हनलं, खाऊ द्या. भूक लागली आसंल." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं.

"कुनाला सांगू नगा," म्हणाली. मी शब्द दिला.

शनिवार, १६ दै

शाळा सुटल्यावर धोतराच्या सोग्यात दोन भाकरी आणि पिठलं बांधून नेलं. तिनं हात लावला नाही. मी रागावलो, हात जोडले, काही उपयोग झाला नाही.

"सरकी चालते आणि माझी भाकरी चालत नाही?"

"ते भुताचं पान व्हतं. माज्या नावानं कुनी ठिवत नव्हतं. कुतरं खातंय, कावळा खातोय, म्या खाल्लं. तुमची भाकर खाल्ली तर उद्या तुमचं त्वांड बगाया लागंल मला." मग चुलीत काटकी सारत म्हणाली, "आमच्या धनगरी वाड्यावरनं कुनी उपाशी गेलं न्हाई मास्तर. मेंढरं व्हती तवर."

भाकरी परत आणल्या. वाटेत ओढ्याकाठी बसून राहिलो. तिचा हट्ट वेडेपणाचा आहे आणि मला तो पुरता समजतो. तिच्या हाडांवर आता काही उरलेलं नाही. सरकीवर आठवडाही निघायचा नाही. आणि याला कारण कोण? मी! टाळ्यांसाठी म्हातारीच्या तोंडचा घास खाल्ला.

रविवार, १७ दै

पोरं पाढे म्हणत होती. मला एकही ऐकू आला नाही.

सोमवार, १८ दै

पाटलांकडं गेलो. म्हटलं, पान पुन्हा सुरू करू, एखादा भुकेला खाईल. ते म्हणाले, "मास्तर, तुमीच सांगितलं न्हवं, आत काय न्हाई म्हनून?" भुकेला कोण ते सांगता येत नाही. शब्द दिलाय. सांगितलं तरी ती कुणाच्या हातचं घेणार नाही, आणि दीर तिला तिथूनही हुसकतील.

म्हणजे भाकरी हवी तर भूत हवं. भूत मी घालवलं, आता मीच आणायचं.

युक्ती सुचलीय. लिहायचीही लाज वाटते.

मंगळवार, १९ दै

सकाळी वर्गात फळ्यासमोर पोट धरून खाली बसलो. पोरांनी उचलून घरी आणलं. "भाकरी... ती भाकरी..." एवढंच पुटपुटत राहिलो. दुपारपर्यंत गाव दारात!

गहिनीनाथाला तर दिवाळी पुन्हा आल्यासारखं झालं. "म्या म्हनलंच व्हतं. खा म्हनावं आनखी भुताचं!" तोच आश्रुबा देवऋषीला घेऊन आला. लिंबं कापली, अंगाऱ्याच्या चिमट्या तोंडात कोंबल्या, कडुलिंबाच्या डहाळीनं पाठ सोलली. माझे विद्यार्थी खिडकीत रांग लावून बघत होते. हेच ते, ज्यांना मी विज्ञानाचे धडे दिले. मिरच्यांची धुरी छबूनंच दिली. चांगली मूठभर मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या आणि तोंड फिरवून उभी राहिली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते सगळंच धुराचं नव्हतं.

शेवटी आश्रुबानं विचारलं, "काय पायजे तुला?" मी बारीक आवाज काढून म्हणालो, "भाकरी. रोजची. दुधात कुस्करलेली."

पाटलांनी जागच्या जागी हुकूम सोडला.

बुधवार, २० दै

पान गेलं. आज पाळी पाटलांच्या घरची. शिवाय गुळाचा खडा!

पोटदुखी थांबली. शाळेत गेलो तर मागच्या बाकावरून कुणीतरी "भाकरी, रोजची" असं बारीक आवाजात म्हणालं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी छडी उचलली आणि परत ठेवली. पोरांना आता भूत नसतं हे कुठल्या तोंडानं सांगू? मन खट्टू झालं. पण रात्री जेवण गोड लागलं, बऱ्याच दिवसांनी.

शुक्रवार, २२ दै

बॉयलरच्या मागं गेलो नाही. ओढ्याच्या पलीकडून नुसतं पाहिलं. ऊन कलल्यावर फाटक हातभर उघडलं, एक हात बाहेर आला, पान आत गेलं. फाटक पुन्हा लागलं. बराच वेळ तिथंच बसलो होतो.

शनिवार, १ बहमन (डिसेंबर लागला)

थंडी फार. आज पानाची पाळी आमची. छबूनं टोपल्यात भाकरी ठेवली आणि तिच्याखाली आपलं एक धडसं लुगडं घडी करून ठेवलं. मी म्हटलं, "भुताला लुगडं कशाला?"

"रतनमावशीचं पार इरलंय."

हे नाव मी घरात एकदाही काढलं नव्हतं.

"गावातल्या समद्या बायांना ठावं हाय," ती म्हणाली. "पयल्यापासनं. तिला तेवढं कळू दिऊ नका."