कोट बँडचा, माणसाचा नाही

प्रिय कार्ट्या,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे ठणठणीत आहेत, दुकान जागेवर आहे, माझे गुडघेही सध्या बरे वागतायत. पत्र लिहायला बसले त्याचं कारण एवढंच, की फोनवर तुझ्या बाबांचं नाव निघालं की तुझ्याकडची रेंज बरोब्बर त्याच वेळी जाते. मी काही दुधखुळी नाही. पत्राची रेंज जात नाही. फार तर तू अर्धं वाचून टेबलावर टाकशील, पण तू माझ्याच पोटचा आहेस, चहा पिता पिता पुन्हा उचलशीलच. तेव्हा आधी चहा ठेव.

तर बातमी अशी, की येत्या महिन्यात ‘उसवलेले’ वीस वर्षांचे होतायत. हो, तुझाच बँड. मी दर वेळी ‘चाललंय आमचं वाजवणं’ म्हणते आणि तू ‘हं’ म्हणतोस. आई मागच्या खोलीत बसून चार तारा छेडत असेल, असंच तुला वाटतं ना? अरे, आमचं वाचनालयाच्या अंगणात वाजवणं झालं, शाळेच्या हॉलमध्ये झालं, एका नव्या पेट्रोल पंपाच्या उद्घाटनालाही झालं. तिथे पेट्रोल भरायला आलेला एक माणूस शेवटच्या गाण्यापर्यंत गाडीच्या टपावर बसून होता आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते, तेही तालात. बँड जोरात आहे. फक्त ज्यांनी तो सुरू केला त्यांच्यातलं आज त्यात कुणीही नाही.

मागच्या खोलीच्या दारावर तू ऑइलपेंटने लिहिलेले ते दोन नियम आठवतात? ‘जाणाऱ्याने आपल्या जागी माणूस आणून द्यायचा’ आणि ‘कोट बँडचा, माणसाचा नाही’. दार खराब केलंस म्हणून बाबांनी केवढा आरडाओरडा केला होता! मागल्या वर्षी रंगारी आला तेव्हा सगळी खोली रंगवून घेतली, पण ते दार त्याला शिवू दिलं नाही. दार चांगलं आहे, उगाच खर्च कशाला, असं म्हणाले.

तुझे सवंगडी नियमाला जागले बरं का. लंबूला बोटीवर नोकरी लागली, तेव्हा तो गिटारच्या जागी कुणाला घेऊन आला असेल? तुमच्या गणिताच्या बाईंना! रिटायर झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून त्या गिटार शिकल्या होत्या. तुमच्या वर्गाला उभं करून ठेवणाऱ्या बाई तालमीच्या पहिल्याच दिवशी पायांतल्या चपला भिरकावून वाजवायला लागल्या. चष्मिसला जुळी झाली आणि त्याला झोपायला वेळ मिळेना, म्हणून त्याने की-बोर्डवर आपला दाताचा डॉक्टर आणून बसवला. हा डॉक्टर दात कोरताना मशीनच्या सुरात सूर मिळवून गुणगुणतो. पेशंटचं तोंड उघडंच असतं, तक्रार करणार कोण? पण आवाज लाख मोलाचा आहे, आता गातो तोच. आणि धडामच्या घरी नळ गळायला लागला, तो दुरुस्त करायला आलेला प्लंबर पाइपवर पान्हा आपटून बघत होता, तर धडामने त्याला तिथूनच उचलून ड्रमवर आणला. नळ म्हणे अजून गळतोय.

आणि कोट! ते चार काळे कोट, आतून लाल अस्तर लावलेले. तुमच्या आवाजाने डोकं उठलं म्हणून ओरडत ओरडतच बाबांनी ते शिवले होते, गबाळे दिसलात तर दुकानाचं नाव जाईल असं म्हणत. लंबूचा कोट बाईंच्या घोट्यापर्यंत आला. बाबांनी तो उलटा केला, खडूने खुणा केल्या, कापला, वर पुटपुटलेही, की एकाच्या कोटात दोन बाई मावतील. उरलेलं कापड टाकलं नाही. डॉक्टरच्या पोटाला चष्मिसचा कोट पुरेना, तिथे लंबूच्या कोटाचं कापड गेलं. प्लंबरच्या खांद्याला बाईंच्या बाहीतलं लागलं. आता कुठल्या कोटात कुणाचं कापड आहे हे फक्त त्या एका माणसाला माहीत आहे.

नियम मोडणारा एकच निघाला, तो म्हणजे नियम लिहिणारा. तू कुणालाच आणून दिलं नाहीस. राग कळत होता रे मला. तुला विचारलंही नाही आणि एका सकाळी बाबा दुकानाच्या पाटीवर ‘आणि चिरंजीव’ रंगवून मोकळे! त्या दिवशी तू बॅग भरलीस आणि बास गिटार भिंतीला टेकवून निघून गेलास. दुसऱ्या दिवशी तालमीला मुलं आली, तीन टाळकी तोंडं पाडून बसली. मला ते बघवेना. मी लंबूला म्हटलं, हे कसं धरायचं ते दाखव, तो येईपर्यंत धरते. बोटांना फोड येतील म्हणून तो घाबरवत होता. जन्मभर काजं केलेल्या बाईला तो फोडांची भीती घालत होता! माझी बोटं सुईने केव्हाच घट्ट झालेली, त्या तारांनीच हात टेकले. तेव्हापासून मी वाजवतेय. आमच्या पोस्टरवर अजून छापतात, ‘बास – आई (बदली)’. लोकांना वाटतं हे माझं टोपणनाव आहे.

कोट मी तुझाच घालते. फक्त त्याला बाबांनी कात्री लावू दिली नाही. सगळ्यांचे कापले, तुझा नाही. मी बाह्या दुमडून टाचण्या लावते आणि एखादी टाचणी मनगटाला टोचली की लोकांना वाटतं मी फार रंगात आलेय.

आता नीट बस. कप खाली ठेव.

गेल्या वर्षी प्लंबर मुलीकडे राहायला गेला. जाण्याआधी त्याला आपल्या जागी माणूस द्यायचा होता. कुणी मिळेना. जाण्याच्या आदल्या आठवड्यात पँट आखूड करायला म्हणून तो दुकानात आला आणि पँट हातात घेऊन उभाच राहिला. समोर तुझे बाबा मशीनवर बसले होते. तुला माहीत आहे ना त्यांचा तो पाय? मोटर लावून घ्या म्हणून मी इतकी वर्षं मागे लागले, पण पायडल काही सुटलं नाही. प्लंबर कान लावून ऐकत राहिला. मग आत येऊन मला म्हणाला, ताई, माणूस मिळाला, पण विचारायची छाती नाही.

छाती मलाही नव्हती. बाईंनी विचारलं. बाईंना नाही म्हणणं कुणाला जमलंय? बाबा म्हणाले, मला त्यातलं काय कळतं, मी फक्त पाय हलवून बघतो, ते ड्रमचं पायडल कसं आहे तेवढं. बसले. कानांत कापसाचे बोळे घालून बसले, ते अजूनही घालतात. आणि तो पाय सुरू झाला! अरे, धडाम नेहमी पुढे पळायचा, प्लंबर उतारावर सुटायचा, आम्ही आपले मागे धापा टाकत. हा पाय हलला नाही. एकसारखा, घट्ट, टाक्याला टाका. दुसऱ्या कडव्यात बाबांनी काड्या वर करून सगळ्यांना थांबवलं आणि बाईंना म्हणाले, इथे तुमची शिवण सैल पडतेय. गणिताच्या बाईंना! मी तोंडात पदर कोंबून हसले. मग हसता हसता रडायलाच लागले, ते ड्रमच्या आवाजात कुणाला कळलं नाही.

तर असं आहे. तुझे बाबा ‘उसवलेले’चे ड्रमर आहेत. वर्ष झालं. मी तुला सांगितलं नाही, कारण रेंज.

ते सुधारलेत वगैरे समजू नकोस. आवाज फार होतो ही तक्रार स्वतः ड्रम बडवताना चालूच असते. मागे एकदा भर कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या कोटाची बाही उसवलेली दिसली, तर गाणं संपेपर्यंत बाबांची नजर तिथून हलेना. गाणं संपल्यावर टाळ्या चालू असताना खाली उतरले आणि त्या गृहस्थांना दुकानाचा पत्ता देऊन आले. पण घरी येतात तेव्हा जिना चढताना मांडीवर ताल धरलेला असतो. या माणसाला मी लग्नानंतर इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. मलाही, खरं सांगते, एवढी मजा आयुष्यात आली नव्हती.

पण एक गोष्ट मी बाबांपासून लपवून ठेवली होती. तुझं गाणं. तू त्यांच्यावर लिहिलेलं ते, ‘माप घेतलंस माझं, कोट शिवलास तुझा’. आमच्याकडे लोक सगळ्यात जास्त तेच मागतात, काय करणार! बाबा आल्यापासून मी ते शिताफीने टाळत होते. कधी तार ढिली झाली म्हणायची, कधी घसा बसला. बसायला मी कुठे गाते, पण कुणी विचारलं नाही. शेवटी एका तालमीत डॉक्टरने मला न विचारता सुरूच केलं. बाबा वाजवत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, चेहऱ्यावरून काही कळेना. गाणं संपल्यावर त्यांनी कानांतले बोळे काढले आणि म्हणाले, पुन्हा म्हणा. पुन्हा म्हटलं. मग विचारलं, हे चिरंजीवांचं का? बाई छताकडे बघत होत्या, डॉक्टर की-बोर्डवरची नसलेली धूळ झटकत होता. मी हो म्हटलं. मला वाटलं, आता काड्या ठेवून उठणार. तर म्हणाले, हे तुम्ही फार घाईत म्हणता. सावकाश म्हणा. लोकांना शब्द कळले पाहिजेत.

तेव्हापासून ते गाणं आम्ही सावकाश वाजवतो. लय तेच देतात. आणि लोक आता उभे राहून ऐकतात. पाटीवरचं ‘आणि चिरंजीव’ त्यांनी त्या तालमीनंतर दुसऱ्याच आठवड्यात स्वतः शिडीवर चढून खरवडून काढलं, मी खाली शिडी धरून उभी होते. ऊन पडलं की अक्षरं अजून पुसट दिसतात, त्याला इलाज नाही.

वीस वर्षांच्या कार्यक्रमाला सगळे येणार आहेत. लंबूने बोटीवरून रजा काढलीय, धडाम येतोय, चष्मिस दोन्ही कार्टी घेऊन येतोय, प्लंबर तर आठवडाभर आधीच येऊन धडामच्या नळाकडे बघणार आहे. जुने-नवे सगळे एकदम वाजवणार. जुन्यांचे कोट कापून गेले, म्हणून बाबा त्यांच्यासाठी नवे शिवतायत, तेच काळं कापड, तेच लाल अस्तर. फोनवर एकेकाला पकडून मापं घेणं चाललंय. लंबू म्हणाला, काका, माझं जुनंच माप घ्या, तर त्याला म्हणाले, बोटीवर काय हवा खाऊन राहतोस का? मलाही एक नवा कोट शिवलाय, अगदी माझ्या मापाचा, बाह्या मनगटाशी संपणारा. मी आरशासमोर उभी राहिले आणि मग लक्षात आलं, की आता तुझा कोट कुणाच्याच अंगावर नाही.

त्यासाठीच हे पत्र. परवा दुपारी मागच्या खोलीत गेले तर तुझा कोट टेबलावर होता, बाबांनी सगळ्या शिवणी उसवून सुटा केलेला. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी. प्रत्येक शिवणीच्या आत चांगलं दोन बोटं कापड सोडलेलं दिसलं. पोरगा अंगाने भरेल म्हणून तेव्हाच सोडून ठेवलं होतं म्हणे. मी म्हटलं, मग शिवा की, माप तर तुम्हाला तोंडपाठ आहे. तर बराच वेळ खडू हातात फिरवत बसले आणि म्हणाले, ते मी घेतलेलं माप आहे, त्याला विचार. म्हणून विचारतेय. छाती, खांदा, बाही, उंची कळव. पोट सुटलं असेल तर तेही खरं खरं सांग, लाजू नकोस. आणि एक लक्षात ठेव, शिंप्याचा मुलगा आहेस, तुला माहीत असेलच: बाहीचं माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही, दुसरं माणूस लागतं. तिथे कुणी नसेल तर इथे एकजण गळ्यात टेप अडकवून बसलेत.

तुझीच,
आई
(अजून बदलीच)