मामाजींचा हात

आष्टी, रविवार संध्याकाळ

मामाजींचा तो हात डोळ्यांसमोरून जातच नाही.

आज विहारात माझं गाणं होतं. ढोलकी, पेटी, सगळं लॅपटॉपमध्ये भरलेलं. लॅपटॉपला साउंडकार्ड जोडलं, त्याला स्पीकर, आणि सुरू झाली नुसती घरघर. चार्जर काढला की घरघर जायची, पण लॅपटॉपही बंद पडायचा. लोक येऊन बसलेले. मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात सासरे, आमचे मामाजी, बघायला वाकले. साउंडकार्डच्या पत्र्याला त्यांचा हात लागला आणि एकदम शांत! हात काढला, पुन्हा घरघर.

"तू म्हण व पोरी, मी धरून ठेवतो," म्हणाले आणि तिथंच खाली बसले.

जन्मभर ढोलकी वाजवलेला माणूस. "कॉम्प्युटरले ठेका काय समजते?" म्हणून माझ्यावर फुगलेले. गाणं लागलं की त्यांचा हात जेवणाच्या ताटावरही चालतो. आज पूर्ण कार्यक्रमभर एक बोट हललं नाही. कसं जमवलं असेल? मी गाताना तिकडेच बघत होते.

टाळ्या संपल्या, लोक उठले, मी स्पीकर बंद केला. हात तिथंच.

"सोडू काय व आता?"