पंख्याचा आवाज

दि. ११, मंगळवार
सकाळची कामं आटोपून

चि. मिठूस,

आईचे मनापासून आशीर्वाद. देवाच्या दयेने आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग नाही.

गेल्या महिनाभरात घरात काय काय आलं ते आधी सांगते. कॉम्प्युटरसाठी रॅमची नवी पट्टी, नऊशे पन्नास. तिची गरजच नव्हती असं मागाहून कळलं, तेव्हा दुरुस्तीवालीने ती काढून नेली आणि पैसे परत केले. मग आतल्या चिपला लावायचा पांढरा लेप, एकशे वीस. दिसतो टूथपेस्टसारखा, पण लावायचा वाटाण्याएवढाच. उरलेली नळी मी जपून ठेवली आहे. आणि तिसरी एक वस्तू आली, करंगळीच्या पेराएवढी. तिची किंमत वहीत लिहायला अजून हात धजत नाही. तिच्याबद्दल पुढे सांगते.

फोन करायचा सोडून आई पत्र का लिहीत बसली, असं म्हणशील. फोन तू उचलत नाहीस. "मी बरी आहे, बाबांना वेळ हवा तर घेऊ दे" एवढा एक निरोप पाठवलास, त्यावर मी काय बोलणार? शिवाय फोन मध्येच ठेवता येतो. पत्र हातात आलं की माणूस शेवटपर्यंत वाचतो. तूही वाच, एवढंच मागते.

तर कॉम्प्युटरची गोष्ट. तुझ्याशी बोलताना तो मध्येच बंद पडायचा हे तुला ठाऊक आहेच. आधी तू हसायचीस, "आजोबा झोपले वाटतं" म्हणायचीस आणि थोड्या वेळाने परत लावायचीस. त्या रविवारी मात्र तो बंद पडला आणि किती तरी वेळ सुरूच होईना. सुरू झाला तेव्हा तू उचलेनास. बाबांनी त्याचा अर्थ असा लावला की मिठू या डबड्याला कंटाळली. मग ते हात धुऊन त्याच्या मागे लागले. हा धड झाला की पोरीचा फोन येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

मी गप्प बसले. का, तेही सांगते, पण जरा थांब.

दुरुस्तीवाली तुझ्याच वयाची आहे. केस बारीक कापलेले, कपाळाला बॅटरी बांधून काम करते, जशी काही खाणीत उतरली आहे. तिने मशीन दुकानात नेलं, सलग चालू ठेवलं, त्याच्यावर मोठमोठे सिनेमे लावले. कुठे काही नाही. सिस्टीम नव्याने भरली, ती पट्टी बदलली आणि आणून दिलं. मी हिशेब लिहिते तेव्हा चालतो, भजनं ऐकते तेव्हा चालतो, बाबा बुद्धिबळ खेळतात तेव्हाही चालतो. म्हणून बाबांनी परीक्षा घ्यायची ठरवली आणि ऑफिसातल्या त्यांच्या जुन्या हिशेबनीस मित्राशी गप्पा मारायला बसले. त्या मित्राचा आवाज तुला माहीत आहे, शेजारची चार घरं ऐकतात. ते आपल्या गुडघ्यांचं पुराण सांगत होते, डाव्या गुडघ्यापर्यंत आले आणि पडदा काळा.

बाबांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. म्हणाले, माणसांशी बोलायला लागलं की हा मरतो. मी देवापुढे दिवा लावला. पण कॉम्प्युटरसाठी काय मागायचं ते कळेना, म्हणून नुसतीच बसून राहिले.

दुरुस्तीवालीला पुन्हा बोलावलं. या वेळी तिने मशीन नेलं नाही. म्हणाली, दुकानात याला काही होत नाही, म्हणजे जे काही होतं ते तुमच्या घरात होतं. मुलीशी बोलायला बसता तसे बसा, नेहमी जे जे करता ते सगळं करा, मी नुसती बघते. आणि चहाचा कप घेऊन स्टुलावर बसली.

मग आम्ही सगळं केलं. मी खिडकी लावली, स्वयंपाकघरातला नळ घट्ट पिळला. बाबांनी चष्मा पुसला. आणि मी कपाटातून तुझी लहानपणची दुलई काढली, कॉम्प्युटरच्या डब्याभोवती दोनदा गुंडाळली आणि कडा नीट आत खोचल्या. तुला खोचायचे तशाच.

तिचा कप हवेतच थांबला. "हे काय करताय, काकू?"

त्यात काय सांगायचं, असं मला वाटलं. आतला पंखा घूं घूं करतो, त्यात यांना मिठूचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून डबा झाकायचा. हे गेलं वर्षभर चाललंय. तुला पडद्यावर आमचे चेहरे दिसतात, टेबलाखालची दुलई कशी दिसणार?

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. समजावून सांगितलं, की मशीन चालताना तापतं, पंखा ती ऊन हवा बाहेर फेकतो. हवेला वाटच राहिली नाही तर आतली चिप भाजून निघेल, म्हणून मशीन स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतं. थंड होईपर्यंत उठत नाही. तापाने फणफणलेलं पोर पांघरुणात कोंबावं तसं आपण करत होतो म्हण. मी दुलई ओढून काढली, तर आतून भट्टीसारखी ऊब आली. मला त्या डब्याची दया आली बघ. तिने आतली धूळ फुंकून काढली, लेप लावला, मशीन सुरू केलं, आणि झालं.

एवढ्यावर पत्र संपलं असतं. पण ती बॅग भरता भरता थांबली. डब्याला कान लावला आणि म्हणाली, पंखा तर चांगला आहे, मला जेमतेम ऐकू येतो. बाबा म्हणाले, तुम्ही तरुण माणसं, तुम्हाला सवय असते, मला तर डोक्यात भुंगा सोडल्यासारखा वाटतो. ती खाली वाकली आणि भिंतीतला प्लगच उपटला. पडदा गेला, दिवा गेला, पंखा थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या. बाबांची पाठ तिच्याकडे होती, ते खिडकी उघडत होते.

तिने जवळ जाऊन विचारलं, "आता कसा वाजतोय?"

"तसाच," बाबा म्हणाले. "काही फरक नाही."

बाबा वळले, तिच्या हातातला प्लग त्यांना दिसला. मग म्हणाले, "म्हणजे हा भुंगा माझाच आहे तर."

आता मी गप्प का होते ते सांगते. त्या रविवारी मी दारातच उभी होते. तू आवाज खाली आणून जे सांगितलंस, की त्या छापखानेवाल्याशी लग्न करायचं ठरवलं आहे, त्याची बायको वारली आहे आणि पदरात एक लहान मुलगी आहे, ते सगळं मी ऐकलं. बाबांनी हात पुढे केला आणि पडदा गेला. त्यांनीच रागाने बंद केलं, असं तुला वाटलं असणार. वाईट याचं वाटतं, की क्षणभर मलाही तसंच वाटलं. नंतर ते "मिठू का बरं फोन करत नाही" म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं, माणूस वेड पांघरतोय. मी विषय काढला नाही, त्यांनी काढला नाही. एका घरात दोन माणसं, आणि जेवताना बोलणं फक्त रॅमवर.

दुरुस्तीवाली गेल्यावर मी त्यांच्या समोर बसले आणि मोठ्याने विचारलं, त्या दिवशी मिठू काय म्हणाली होती? ते म्हणाले, कुणास ठाऊक, नुसते ओठ हलताना दिसत होते, तोंड गंभीर होतं. आवाज वाढवायला म्हणून बटणाकडे हात नेला, तर अंधार झाला. मला म्हणाले, नंतर तुला विचारणार होतो, पण तूच तोंड मिटून बसलेलीस. मग हळूच म्हणाले, ती रडत होती का गं?

रडत नव्हती, एवढंच मी सांगितलं.

तर ती तिसरी वस्तू म्हणजे कानातलं यंत्र. बाबांनी आधी नको नको केलं, ऑफिसात कुणाचाही हिशेब चुकू दिला नाही त्या माणसाला कान चुकलेला कसा सोसेल? पण डॉक्टरांनी ते घालून दिलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबा थांबले. माझ्या चपलेचा आवाज येतो म्हणाले. घरी आल्यापासून चमचा कपात नीट ढवळ, दार हळू लाव, रोज नवी तक्रार. काल माझा जप चालू असताना येऊन उभे राहिले. म्हणाले, इतकी वर्षं मला वाटायचं तू मनात म्हणतेस. तू तर देवाला मोठ्याने माझी गाऱ्हाणी सांगतेस. मी म्हटलं, त्याला तरी ऐकू येतं. दोघंही पोट धरून हसलो. तो भुंगा पूर्ण गेला नाही, जाणारही नाही असं डॉक्टर म्हणाले, पण आता त्याच्यावरून माणसांचं बोलणं पोचतं. फार दिवसांनी घरात बरं वाटतंय.

तुझी बातमी मी त्यांना सांगितलेली नाही. ती तुझी आहे, तूच सांग. ते काय म्हणतील याची हमी मी देत नाही. पण जे म्हणतील ते ऐकून म्हणतील, एवढं नक्की. मला विचारशील तर माझं ठरलेलं आहे.

ती दुलई मी धुतली, उन्हात घातली. मधे जिथे पंखा लागायचा तिथे धुळीचा काळा डाग उरला आहे, त्यावर जुन्या निळ्या परकराचं फूल लावणार आहे. काल दोरा ओवत बसले तर बाबा म्हणाले, आता ही कोणासाठी? म्हटलं, मिठू फोन करेल तेव्हा तिलाच विचारा. ते तेव्हापासून कॉम्प्युटरजवळून हलत नाहीत, आणि तो बिचारा उघड्या अंगाने सुखाने चालतोय.

तेव्हा उलट टपाली दोन गोष्टी कळव. फोन कधी करतेस, आणि त्या पोरीचा पलंग केवढा लांब आहे. दुलई तिच्या मापाची करायची तर कापड बेताचंच आहे, मापाशिवाय कात्री लावणार नाही.

वाट पाहणारी,
तुझी आई
(आणि आता, देव करो, आजी)