आशयचे बूट

इंद्रपुरी, भोपाळ
५ एप्रिल

ती. सौ. आईस,
श्रुतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू बाबांना चुकीचं सांगतेस, म्हणून पत्रच लिहिते. आशयला मोठ्या शाळेच्या नर्सरीत घातलं खरं, पण चार दिवसांत तीनदा चड्डी भिजली. मॅमचं म्हणणं, मुलाला सवयच लागलेली नाही. पंधरा दिवसांत सुधारला नाही तर यंदा प्री-स्कूलमध्ये घाला, पुढच्या वर्षी बघू.

घराजवळचं प्री-स्कूल छोटंसं, छान आहे. पण पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जागा मिळेलच असं नाही, म्हणून पराग नर्सरी सोडायला तयार नाही. मला वाटतं, पोर अजून लहान आहे. सध्या जेवताना आम्ही एकमेकांशी नाही, आमटीशी बोलतो.

घरी मात्र एकदाही भिजवत नाही! हिवाळ्यात नागपूरला दोन महिने तू त्याच्या मागे लागलीस, त्या मेहनतीवर पाणी पडलं म्हणायचीही चोरी. शाळेत म्हणे सारखा बुटांचाच विषय काढतो. मॅम पुन्हापुन्हा वेल्क्रो पक्कं लावून देतात, तरी रडतो. एक नंबर मोठे बूट आणले, तरी तेच. मीच कुठे कमी पडले का गं?

तुझी,
श्रुती

नागपूर
१० एप्रिल

चि. सौ. श्रुतीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की ह्यांनी विचारलं, रडतेस का. अगं वेडाबाई, बुटांत काही नाही. त्याला शू लागते! मीच शिकवलं होतं, ताठ उभं राहून सांगायचं, शू आली. इंग्रजी शाळेतल्या बाईंना शू म्हणजे बूटच की. बिचाऱ्या वाकून वेल्क्रो लावतात आणि हा उभ्या उभ्या मोकळा होतो. मला बहिरीला पत्रातून ऐकू आलं, तुम्हा दोघांच्या धडधाकट कानांना नाही.

तिकडे पोरं सूसू म्हणतात, हे तीस वर्षं बालवाडी चालवूनही माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा कमी पडले ती मी, तू नव्हेस. उद्याच जाऊन मॅमना सांग. नर्सरी की प्री-स्कूल हे पाटीवरून ठरवू नका. ऐकल्यावर त्या बाई काय करतात ते बघा.

आशयला पापा. आमच्यावर लोभ आहेच, थोडा परागवरही असू दे.

तुझी आई

भोपाळ
२५ एप्रिल

ती. सौ. आईस,
सा. न.

हुश्श! मॅमना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, मग सगळ्या वर्गासमोर आशयपुढे गुडघे टेकून त्याला सॉरी म्हणाल्या. मला रडूच आलं. पराग काही बोलायच्या आत मीच म्हणाले, नर्सरीच. तो अजून मला चिडवतोय.

आशयला सूसू शिकवायला बसलो, तर साहेबांचा साफ नकार. आजीनं शू सांगितलंय म्हणे. शेवटी मॅमच शू शिकल्या. आठ दिवसांत एकदाही चड्डी ओली नाही. आता वर्गातली बावीसच्या बावीस पोरं शू आली म्हणतात. काल एकाचा खरोखरच बूट निघाला. तो शू-शू करत रडत आला, तर आयाबाईंनी त्याला उचलून थेट बाथरूममध्ये नेऊन बसवलं.

बाबांना नमस्कार. लोभ कोरडा पडू देऊ नये, ही विनंती.

तुझी,
श्रुती